मालक नसलेली कथा

सुपरमॅनला नमवणारा क्रिप्टोनाइट हा दगड त्याच्या चित्रकथेत जन्मला नाही, तो रेडिओवर जन्मला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली आपला नायक १३० डॉलरला प्रकाशकाला विकून टाकला. दोन वर्षांत त्याची रेडिओमालिका सुरू झाली आणि १९४३मध्ये त्या मालिकेत क्रिप्टोनाइट अवतरला. चित्रकथेच्या पानावर यायला त्याला आणखी सहा वर्षे लागली. एका माध्यमाने भर घालायची, दुसऱ्याने ती उचलायची, तिसऱ्याने तिच्यावर इमला चढवायचा, आणि सगळ्यांचा हिशेब मात्र एकाच कंपनीच्या वहीत ठेवायचा, अशी ही रीत आहे. हेन्री जेन्किन्स या अमेरिकी अभ्यासकाने २००६मध्ये तिला ट्रान्समीडिया कथन या नावाखाली सिद्धान्ताचे रूप दिले. त्यानंतर आपल्याकडेही असे गृहीत धरले जाऊ लागले की अनेक माध्यमांत पसरलेली वीरकथा ही अमेरिकेची देणगी आहे आणि ती पसरवायला एक मालक लागतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा इतिहास या समजाच्या विरोधात साक्ष देतो. इथे एक कथा साडेतीनशे वर्षे माध्यमांमागून माध्यमे व्यापत गेली आहे आणि तिला मालक कधीच नव्हता. त्याच खोऱ्यांत आणखी दोन वीर झाले, पण त्यांच्या कथा तशा पसरल्या नाहीत. तिघांची तुलना केली की कळते, पसरण्यासाठी मालक लागत नाही. इतरांना आपले काही घालता येईल अशी कथेत मोकळी जागा लागते आणि सुपारी देणारा लागतो.

पहिली कथा शिवनेरीची, म्हणजे तिथे जन्मलेल्या शिवाजी महाराजांची. अफजलखानाचा वध १६५९चा. त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा शिवकथेचा सर्वांत जुना लोकाविष्कार मानला जातो. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर, १६९०च्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. म्हणजे कागदाआधी डफ वाजला. आणि दोघांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली नाही. पोवाड्याने भेटीचा प्रसंग घेतला, क्षण ताणला, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणला. बखरीने कारभार, मोहिमा, किल्ले, पागा, पदे यांची मांडणी केली. सिंहगडाच्या बाबतीत ही कामाची वाटणी आणखी ठळक दिसते. सभासदाचे मावळे आपल्या अंगच्या बळावर कडा चढतात. यशवंती घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. पुढे हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने तानाजीच्या मरणाला घरोघरी नेले, आणि १९२३मध्ये बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात त्याच कादंबरीवर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. तानाजी पडला म्हणून गडाचे नाव सिंहगड झाले, ही समजूत या साखळीतून इतकी पक्की झाली की १६६३च्या, म्हणजे तानाजीच्या मृत्यूच्या सात वर्षे आधीच्या पत्रातही सिंहगड हेच नाव आहे, हे सांगितले तर लोक सांगणाऱ्याकडेच संशयाने पाहतात. घोरपड हा आपला क्रिप्टोनाइट आहे: एका माध्यमाने घातलेली भर, जी पुढे मूळ कथेचा भाग म्हणूनच ओळखली गेली. फरक इतकाच की तुळशीदासाला कुणी १३० रुपये देऊन हक्क लिहून घेतले नव्हते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की हे नुसते रूपांतर आहे; एकच कथा वेगवेगळ्या अंगरख्यांत. ट्रान्समीडिया कथनाची अट अशी की प्रत्येक माध्यमाने काही वेगळे, नवे सांगितले पाहिजे. आक्षेप रास्त आहे, आणि शिवकथेतल्या पुष्कळ कृतींना तो लागूही पडतो. आग्र्याहून सुटका कितीदा तीच ती सांगितली गेली आहे याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. पण ज्या कृती टिकल्या त्या बहुधा कडेच्या माणसांच्या आहेत. भालजी पेंढारकरांनी १९५२मध्ये ‘छत्रपती शिवाजी’ काढला हे खरे, पण त्याच्या आधी त्यांनी ‘बहिर्जी नाईक’ काढला होता आणि नंतर ‘मोहित्यांची मंजुळा’ काढला. हेर, बाजी, नेताजी, गावातली एखादी मुलगी अशा कुणालाही मध्यभागी आणून त्याच स्वराज्याचा दुसरा कोपरा दाखवायचा, हा उद्योग कोल्हापुरात चालू होता तेव्हा अमेरिकेतल्या स्टुडिओंना ‘विश्व’ उभारण्याची कल्पना सुचायची होती. हिरकणी तर याचा कळस. तिचा समकालीन कागद नाही. रायगडावरचा एक बुरूज आणि बाळासाठी कडा उतरणारी गवळण, एवढ्या भांडवलावर ती पाठ्यपुस्तकात गेली, २०१९मध्ये चित्रपटात गेली, एसटीच्या निमआराम गाड्यांवर गेली आणि बसस्थानकातल्या स्तनपानाच्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव देऊन थांबली. पुणे–मुंबई धावणारी वातानुकूलित गाडी ‘शिवनेरी’, दुसरी ‘शिवशाही’. राज्य परिवहन महामंडळाने कोणत्याही कंपनीची परवानगी न घेता जो पसारा उभा केला, तो पाहून डिस्नेच्या वकिलांना झोप लागणार नाही.

कडेच्या पात्रांना कथेत जागा करून देण्याची ही सवय मराठी प्रेक्षकाला कुणी लावली, असे विचारले तर उत्तरासाठी शिवनेरीवरून खाली उतरून पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगावला यावे लागते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड इथला. १९५७ आणि १९९०मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेलेल्या विठाबाई (१९३५–२००२) याच घरातल्या. यात्रांच्या हंगामाआधी महाराष्ट्रभरचे फड नारायणगावात राहुट्या ठोकतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख आणि रक्कम ठरते, सुपारी दिली जाते. तमाशा अभ्यासणाऱ्यांचे लक्ष बहुतेक लावणीवर जाते, किंवा वगावर. कथनाच्या दृष्टीने खरी गंमत गवळणीत आहे. गण झाला की गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, त्यांच्यासोबत मावशी असते, आणि वाटेत कृष्ण व पेंद्या अडवतात. ही मावशी भागवतात नाही, हरिवंशात नाही, कोणत्याच पुराणात नाही. पुरुषाने पदर घेऊन उभी केलेली ही बाई शाहिरांनी कृष्णकथेच्या कडेला आणून ठेवली, आणि ती तिथे इतकी चपखल बसली की तिच्याशिवाय मथुरेचा बाजार भरत नाही. प्रेक्षकाला कृष्ण ठाऊक असतो म्हणूनच मावशीला देवाशी हुज्जत घालता येते. मूळ कथा सांगायची गरजच नसते. ती ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच असते आणि शाहीर तिच्या मोकळ्या जागेत खेळतो. ऐतिहासिक वगातही सोंगाड्या हेच करतो: राजा जागच्या जागी राहतो, हसू पिकते ते पहाऱ्यावर डुलक्या घेणाऱ्या शिपायाचे. पेशवाईतल्या प्रभाकरासारखे शाहीर लावणी आणि खर्ड्याच्या लढाईचा पोवाडा दोन्ही रचत होते. माध्यमांच्या भिंती आपण नंतर घातल्या.

मग दुसरा आक्षेप, आणि तो अधिक गंभीर आहे. शिवाजी महाराज ही इतिहासातली व्यक्ती आहे. छापखान्यात घडवलेल्या लाल झग्याच्या पुतळ्याशी त्यांची तुलना करणे हाच औचित्यभंग नाही का? तुलना व्यक्तींची नाही, कथा पसरण्याच्या रीतीची आहे, असे म्हणून हा प्रश्न टाळता येईल. पण टाळू नये, कारण त्याच्या उत्तरातच या कथेचे वैशिष्ट्य आहे. सुपरमॅनला त्याच्या मालकांनी १९९२मध्ये मारले आणि पुढच्याच वर्षी परत आणले. १९८५-८६मध्ये डीसी कंपनीने आपल्या सगळ्या परस्परविरोधी कथांची मोडतोड करून एकच अधिकृत जग जाहीर केले. मालकाला हे जमते. शिवकथा सांगणाऱ्याला ३ एप्रिल १६८० ही तारीख हलवता येत नाही. जन्म, राज्याभिषेक, मृत्यू, मोहिमा हे खांब पक्के असल्यामुळे कल्पनेला वर जायला वाव नव्हता, म्हणून ती आडवी पसरली. ज्या कथेचा कणा बदलता येत नाही तिला फांद्याच जास्त फुटतात. इतिहासाने कथेला जखडले नाही, पसरायला भाग पाडले. ज्या शिवनेरीवर महाराज जन्मले तो किल्ला १६३०च्या दशकातच मोगलांकडे गेला. १६५७मध्ये त्यांनी जुन्नर लुटले, नंतर किल्ला घेण्याचा प्रयत्नही झाला, पण हयातीत शिवनेरी हाती आला नाही. तो मराठ्यांकडे आला १७१६मध्ये, शाहू महाराजांच्या काळात. कोणत्याही पटकथालेखकाने नायकाला जन्मस्थान परत जिंकून दिले असते. इथे ते करता येत नाही, आणि म्हणून शिवनेरीची कथा पाळण्यापाशी, शिवाई देवीपाशी आणि जिजाबाईंपाशी थांबते, तिथूनच आईची कथा म्हणून वेगळी फुटते आणि २०१९मध्ये जिजाऊंवरची स्वतंत्र मालिका होऊन बसते.

अर्थात कणाही कधीकधी हलतो, पण त्याला कागद लागतो. महाराजांचा जन्म १६२७चा असे एकोणिसाव्या शतकात मानले जाई. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी निघाली. तंजावरला सापडलेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७मध्ये छापले गेले आणि त्याने तिला दुजोरा दिला. पुढे राज्य सरकारने तारीख स्वीकारली, तरी वाद मिटला म्हणावे तर शिवनेरीवर आजही शासकीय सोहळा तारखेला होतो आणि तिथीची जयंती वेगळी साजरी होते. शासनासारखी बलाढ्य संस्थासुद्धा या कथेची मालक होऊ शकत नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधूनही मिळणार नाही. आणि अर्थाचा वाद तर तारखेच्या वादाहून जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८६९मध्ये पोवाडा लिहिला तो शेतकऱ्यांचा राजा म्हणून. टिळकांचा १८९६चा रायगडावरचा उत्सव वेगळ्या राजकारणासाठी होता. एकाच नायकाच्या दोन आवृत्त्या, दोन प्रेक्षकवर्ग, आणि दोघांनाही आपलीच खरी वाटते. ब्रिटिश सेन्सॉरलासुद्धा यात उतरावे लागले: शांतारामबापूंनी १९३०मध्ये काढलेल्या चित्रपटाचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव खपले नाही, ते ‘उदयकाल’ करावे लागले.

तिसरा आक्षेप आजचा आहे. पूर्वी मालक नसेल, आता आहेत. वाहिन्या आहेत, निर्मिती संस्था आहेत, दिग्पाल लांजेकरांनी ‘फर्जंद’पासून (२०१८) आठ चित्रपटांचे ‘शिवराज अष्टक’ आखले आहे. हेही खरे. २००८च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ‘आयर्न मॅन’ आला आणि मार्व्हलच्या चित्रविश्वाचा पाया घातला गेला. त्याच वर्षी स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका सुरू झाली आणि तिच्यात शिवरायांच्या भूमिकेत नारायणगावचेच डॉ. अमोल कोल्हे होते. त्यांनी पुढे झी मराठीवर संभाजी महाराज केले (२०१७–२०२०), २०२२च्या ‘गरुडझेप’ चित्रपटात पुन्हा शिवराय केले, महानाट्यातही ते उतरले, आणि २०१९पासून शिरूरचे खासदार आहेत. जुन्नर आणि आंबेगाव त्याच मतदारसंघात येतात. हॉलिवूडमध्ये असा नट करारपत्राने बांधलेला असतो आणि भूमिका कंपनीची असते. इथे एक भूमिका एका वाहिनीवरून दुसरीवर, तिथून पडद्यावर आणि मैदानी रंगमंचावर जाते आणि वाटेत कुणाकडेही परवाना मागावा लागत नाही, कारण देणारा कुणी नाही. मालिकेचे चित्रण वाहिनीचे असते, कथा नसते. याचा पुरावा २०२२ने दिला. फेब्रुवारीत ‘पावनखिंड’ आला, ऑक्टोबरात ‘हर हर महादेव’ आला, आणि दोन्हींच्या केंद्रस्थानी बाजीप्रभू. ज्या कंपनीच्या ताब्यात कथा आहे ती कंपनी एका वर्षात आपलाच माल आपल्याशी भिडवणार नाही. दुसरा पुरावा २०२५चा. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ कादंबरीवरच्या हिंदी चित्रपटात गणोजी आणि कान्होजी शिर्के ज्या रीतीने दाखवले गेले त्याला शिर्के घराण्यातल्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. कादंबरीचे हक्क घेता येतात, पात्रांच्या नातवंडांचे घेता येत नाहीत. कॅप्टन अमेरिकाच्या शत्रूचे खापरपणतू कधी पत्रकार परिषद घेत नाहीत.

तेव्हा मालकाची गरज नाही, हे सिद्ध झाले असे मी मानतो. पण मालक नसणे म्हणजे सर्वांना समान संधी, असा निष्कर्ष काढण्याआधी आंबेगावातल्या डिंभ्याकडे, म्हणजे उरलेल्या दोन वीरांकडे, पाहायला हवे. घोडनदीवरच्या या धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला, वय बावीस. त्याला आश्रयदाते कमी पडले नाहीत: मुंबईत रस्ता आहे, पुण्याच्या मंडईत गणेश मंडळ आहे, इथे अख्खा जलाशय आहे. तरी त्याच्याभोवती कथाविश्व उभे राहिले नाही, आणि कारण उघड आहे. त्याच्या कथेत एकच प्रसंग आहे. सोबतीची माणसे नावाने लोकांना ठाऊक नाहीत, आधीचे आयुष्य थोडक्यात संपते, नंतरचे नाहीच. शाहिराला शिरायला फट नाही, मावशी उभी राहायला बाजार नाही. असा प्रसंग नावात आणि पुतळ्यात मावतो, आणि तिथेच राहतो.

होन्या केंगल्याचे उलटे. धरणाच्या वरच्या अंगाला जांभोरी आहे. तिथल्या होन्या भागोजी केंगले या महादेव कोळ्याने १८७३पासून टोळी बांधून सावकारांवर धाडी घातल्या. सुप्याच्या शेतकरी दंग्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या त्याच्या दोन वर्षे आधी. गॅझेटियरमध्ये सावकारांची नाके कापल्याच्या नोंदी आहेत, मेजर डॅनियलच्या हाताखालची पोलिसांची तुकडी आहे, १८७६मधली अटक आहे. आणि मागे जाऊ म्हटले तर शिवनेरीवरचा कोळी चौथरा आहे. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची डोकी तिथे उडवली असे सांगतात. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर, कडे, खोरी, खलनायक, साथीदार, फितुरी, सरकारी पाठलाग: एखाद्या पटकथालेखकाला हवे ते सगळे. शिवकथेच्या शेजारीच, तिच्याच काळात रोवलेले. होन्याचे नाव डोंगरात घेतले जाते, त्याच्यावर लिहिले गेले आहे, पण पोवाडा, वग, कादंबरी, चित्रपट, मालिका अशी एकमेकांना माल पुरवणारी साखळी त्याच्याभोवती जुळली नाही. बापू बिरू वाटेगावकराचा वग गावोगाव चालला, तेव्हा बंडखोराला प्रेक्षक नसतो असे म्हणता येत नाही. फरक सुपारीचा आहे. डिंभ्याचे पाणी कालव्यांनी पूर्वेला जाते, पश्चिमेला अडवलेल्या पाण्याखाली आदिवासींची भातखाचरे गेली. पाणी जिकडे पोचले तिकडे ऊस आणि द्राक्षे झाली, तिकडच्या यात्रेला वर्गणी जमू लागली, आणि नारायणगावच्या राहुटीत चैत्रातल्या तारखांसाठी घासाघीस करायला बसतात ती याच बागाईत गावांची माणसे. त्यांना कोणता वग हवा हे ती ठरवतात, फडमालक तोच बसवतो, आणि त्यात जांभोरीचे कुणी नसते.